फासाचे सुटे भाग निवडताना: पेनसिल्व्हेनियाचा हिशेब

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात खोकड आणि कायोटी (लांडग्याच्या कुळातलं, त्याहून लहान जंगली जनावर) पकडायला तारेचा जो फास कायद्याने चालतो, त्याला ‘केबल रिस्ट्रेंट’ म्हणतात. गळफास लागून जनावर मरू नये, ते जिवंत अडकून राहावं, असा त्याचा बेत असतो. लावणाऱ्याला आधी प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवावं लागतं, प्रत्येक फासावर ओळखीची पट्टी लागते आणि 36 तासांच्या आत फेरी मारावीच लागते. (भारतात यातलं काही चालत नाही. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच फास लावणं येतं. डुकरासाठी म्हणून बांधावर क्लच वायर लावली आणि बिबट्या अडकला, तर ‘डुकरासाठी होती’ हे कुणी ऐकून घेत नाही.)

भाग निवडताना बहुतेक जण खोकडाचा विचार करतात. करायचा असतो चुकून अडकणाऱ्या हरणाचा आणि शेजाऱ्याच्या कुत्र्याचा.

केबल आधी. जाडी किमान 5/64 इंच, म्हणजे साधारण 2 मिलिमीटर, आणि लांबी जास्तीत जास्त 7 फूट. माल गॅल्व्हनाइज्ड, दुकानात ‘एअरक्राफ्ट केबल’ म्हणून मिळतो. 7×7 म्हणजे सात पेड, प्रत्येक पेडात सात तारा. 5/64 इंची 7×7 साधारण 650 पौंडांना तुटते. 1×19 ताठ असते, गोल आकार छान धरते आणि झटकन बंद होते, पण एकदा मुरडली की पीळ उलगडतो आणि केबल तिथेच कमजोर पडते. 7×19 मऊ असते, फास लोंबतो. नवशिक्याने 7×7 घ्यावी. नवी केबल तेलकट आणि चकचकीत असते. खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात उकळली की तेल जातं आणि रंग करडा होतो.

लॉक म्हणजे फास आवळणारा तुकडा. इथे ‘रिलॅक्सिंग’ लॉकच चालतं: जनावराने ओढ थांबवली की पकड सैल होते. उलट वाकवलेलं वॉशरचं लॉक हा त्यातला सोपा प्रकार. विकत घेतल्यावर केबलवर सरकवून बघा. भोकाची कड खरबरीत असेल, तर ते सैल व्हायच्या जागी अडकून बसतं. स्प्रिंगच्या जोराने आवळणारं लॉक स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका. ते मारण्यासाठी केलेलं असतं.

आता खरी मेख: थांबा आणि ब्रेकअवे. थांबा म्हणजे केबलवर दाबलेली छोटी नळी, फेरूल. तिच्यामुळे फास अडीच इंच व्यासाच्या आत बंद होत नाही आणि हरणाचा पाय निसटतो. अंदाजाने दाबू नका. बाहेरून अडीच इंच व्यास भरेल अशा पाइपाच्या तुकड्याभोवती फास ओढून घ्या, लॉक जिथे टेकेल तिथे खूण करून फेरूल दाबा. फास जास्तीत जास्त किती उघडावा याची मर्यादा 12 इंच व्यासाची आहे. तिच्यासाठी वेगळा पाइप शोधायला नको, 38 इंचांचा घेर टेपने मोजला की झालं.

ब्रेकअवे म्हणजे ठरलेल्या ओढीला उघडणारा कमजोर दुवा, बहुधा एस आकाराचा हुक. त्याची मर्यादा 375 पौंड किंवा कमी. तो लॉकपाशीच हवा. खुंटीकडच्या टोकाला बसवला तर हरीण सुटतं खरं, पण पायात फास आणि मागे फरफटणारी केबल घेऊन. तिथे सुटणं आणि मरणं यात फार फरक राहत नाही. शिवाय साखळीतला सगळ्यात कच्चा दुवा हाच असायला हवा. 5/64 इंची केबलवर जाड केबलसाठीचं 3/32 इंची फेरूल दाबलं, तर ते ब्रेकअवे उघडायच्या आधीच सरकू शकतं आणि मग ब्रेकअवे नुसता शोभेचा.

भोवरकडी, म्हणजे गोल फिरणारी कडी, एक तर हवीच, दोन असल्या तर उत्तम: एक खुंटीपाशी, एक मध्ये. दावणीच्या दोराला भोवरकडी का असते हे ज्याला माहीत आहे, त्याला वेगळं सांगायला नको. जनावर गोल फिरतं, केबल पिळते, पेड फुगून पिंजऱ्यासारखे उघडतात आणि अखेर तुटतात. खुंटी पक्की हवी, म्हणजे झटका ब्रेकअवेपर्यंत पोचतो. ओंडक्याला बांधलं तर झटका ओंडका हलवण्यातच जातो.

फास उभा धरायला 9 किंवा 11 गेजची तार पुरते. मात्र केबल पोचते तेवढ्या टापूत अर्ध्या इंचापेक्षा जाड रोपटं, झुडूप नको. केबल त्याला गुंडाळली गेली की रिलॅक्सिंग लॉक सैल व्हायला जागाच उरत नाही.

जनावर धरलेली केबल परत लावू नये, ती सरळ दिसत असली तरी. लॉक आणि भोवरकडी धुऊन, कडा तपासून चालतील. एस हुक मात्र दर वेळी नवा.