निरुपयोगी इंजिन

गरम चहाच्या कपावर ठेवलेले स्टर्लिंग इंजिन, म्हणजे आतल्या हवेच्या तापण्या-निवण्यावर चालणारे छोटे यंत्र, आपणहून सुरू होत नाही, आणि नेमके हेच मला त्यात सर्वांत जास्त आवडते. खालची तबकडी तापेपर्यंत जरा थांबायचे आणि मग चाकाला बोटाने हलकासा धक्का द्यायचा. एक-दोन फेरे ते अडखळत घेते आणि नंतर आवाज न करता आपल्या चालीने फिरू लागते. आत कोंडलेली हवा खाली तापून फुगते, वर निवून आकसते, आणि ग्राफाइटचा इवलासा दट्ट्या काचेच्या नळीत वरखाली होत राहतो. तेच इंजिन बर्फावर ठेवले तर चाक उलटे फिरते. त्यामागचे कारण ठाऊक असूनही मला तो दर वेळी त्याचा खोडसाळपणाच वाटतो.

“पण याने होतं काय?” असे घरात कुणीतरी विचारतेच. काही होत नाही. लहानपणी जत्रेत पत्र्याची होडी मिळे, तिच्या पोटात तेलाची वात पेटवली की ती फटफट करत पाण्यात गोल फिरे. तिनेही काही होत नसे, फक्त कणीक मळायच्या परातीत तेलाचा तवंग आणि काजळी उरे आणि त्यावरून आई दिवसभर बोलत असे.

अशी इंजिने बनवणाऱ्या हौशी मंडळींची ईर्षा मात्र निराळीच असते. बेअरिंगमधले ग्रीससुद्धा ते धुऊन काढतात, कारण तेवढा चिकटपणाही या चाकाला जड होतो. अमेरिकेतले गणिताचे प्राध्यापक जेम्स सेन्फ्ट यांनी तर खालच्या-वरच्या तापमानातल्या अवघ्या अर्ध्या अंश सेल्सियसच्या फरकावर चालणारे इंजिन बनवले. इतक्या कष्टाने इतके कमी काम करून घेण्यात जी प्रतिष्ठा आहे, ती अश्वशक्ती मोजणाऱ्यांना कळायची नाही.

रॉबर्ट स्टर्लिंग यांना मात्र काम हवे होते. या स्कॉटिश धर्मोपदेशकाने 1816 मध्ये, वयाच्या पंचविशीत, आपल्या इंजिनाचे पेटंट घेतले. त्यांचे अभियंता बंधू जेम्स यांनी 1843 मध्ये डंडीच्या ओतशाळेतले वाफेचे इंजिन या पद्धतीवर चालवले. पण त्याचे तापणारे सिलिंडर पुनःपुन्हा निकामी झाले आणि चारेक वर्षांत ओतशाळा वाफेकडे परतली. बॉयलर फुटून कामगार मरत होते त्या काळात, ज्याला बॉयलरच नव्हता असे इंजिन मागे पडले, कारण तेवढी आच सोसणारे लोखंड तेव्हा मिळत नव्हते.