लेकीचा रिफ्लक्स आणि लघवीच्या कल्चरची वणवण: माझा अनुभव

आमच्या लेकीला रिफ्लक्स आहे, म्हणजे लघवी मूत्राशयातून उलटी मूत्रपिंडाकडे वर चढते. वर्षाची व्हायच्या आतच तिला सर्दी-खोकला काही नसताना कडक ताप यायचा. गुहागरच्या आमच्या डॉक्टरांना पहिल्याच तापात लघवीच्या संसर्गाची शंका आली. त्यांनी कल्चर, म्हणजे लघवीत कोणते जंतू वाढतात ते पाहायची तपासणी, करायला सांगितलं आणि तिथेच घोडं अडलं.

इथल्या कलेक्शन सेंटरवर फक्त नमुना घेतात, तपासणी होते चिपळूणला. अंगाला चिकटवायची प्लास्टिकची पिशवी दिली, तिच्यातली लघवी डबीत ओतली. नमुना सकाळी दिला, गाडी निघाली दुपार उलटल्यावर. मे महिन्याच्या उकाड्यात डबी तोवर टेबलावर. फ्रीजमध्ये ठेवा म्हटलं, तर “असंच पाठवतो आम्ही.” रिपोर्ट आला: मिक्स्ड ग्रोथ (म्हणजे अनेक जंतूंची सरमिसळ), नमुना पुन्हा पाठवा. पुन्हा कुठून पाठवणार? पोर तापाने फणफणलेली, नमुना दिल्याबरोबर अँटिबायोटिक सुरू झालेलं. ते पोटात गेल्यावर कल्चरमध्ये जंतू सापडणं कठीण. पुढच्या तापातही हेच घडलं. पैसे पूर्ण घेतले, उत्तर शून्य. अजून संताप होतो, कारण असा प्रत्येक ताप मूत्रपिंडावर व्रण ठेवू शकतो.

त्यानंतरच्या तापात गाडी काढली आणि थेट चिपळूणची लॅब गाठली. तिथल्या सिस्टरांनी तिला स्वच्छ धुतलं, ओटीपोटावर गार ओला गॉज फिरवला आणि धार सुरू होताच निर्जंतुक डबीत झेलली. रिपोर्ट आला: ई-कोलाय हा जंतू, मिलिलिटरमागे एक लाखाच्या वर. कोणतं औषध लागू पडेल तेही त्यात आलं. म्हणून कळकळीने सांगते, पिशवीतली लघवी कल्चरला देऊ नका, कातडीवरचे जंतू त्यात मिसळतात. लॅब लांब असेल तर डबी बर्फाच्या डब्यातून न्या.

पुढचं मुंबईत भराभर झालं. सोनोग्राफी, मग एमसीयूजी, म्हणजे नळीने मूत्राशयात औषध भरून काढलेला एक्स-रे: उजवीकडे ग्रेड ३ चा रिफ्लक्स. ग्रेड १ ते ५ असतात, खालचे बहुधा वयाबरोबर जातात. सर्जननी तिन्ही वाटा समजावल्या: रोज रात्री अँटिबायोटिकचा छोटा डोस देऊन वाट पाहायची, दुर्बिणीतून मूत्रवाहिनीच्या तोंडाशी जेलचं इंजेक्शन, नाहीतर मूत्रवाहिनी नव्याने रोवायचं ऑपरेशन, ज्याला ९५ टक्क्यांच्या वर यश येतं. २०१४ साली अमेरिकेतल्या ६०७ मुलांच्या अभ्यासात रोजच्या डोसने पुन्हा होणारे संसर्ग निम्म्यावर आले, व्रणांत मात्र फरक दिसला नाही. हे ऐकूनही आम्ही डोसच निवडला. डोस चालू असताना ताप आला किंवा व्रण वाढले तर इंजेक्शन किंवा ऑपरेशन, असं ठरलंय. व्रणांसाठीचा डीएमएसए स्कॅन संसर्गानंतर चारेक महिने थांबून करतात, घाईने तारीख घेऊ नका.

आणि हो, बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, त्याने संसर्ग वाढतात. आम्हाला हे कुणी आधी सांगितलंच नव्हतं. धाकटं भावंड असेल तर त्याच्याबद्दलही डॉक्टरांना विचारा, रिफ्लक्स घराण्यात चालतो. एमसीयूजीच्या दिवशी अँटिबायोटिक द्यायचं का, तेही आदल्या दिवशीच विचारून घ्या.