ज्याला लॉगिन नव्हतं

गोव्यातल्या वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत गोळ्यांच्या कारखान्यात मी मेंटेनन्स बघतो. जुलैमधलं हे प्रकरण अजून डोक्यातून जात नाही.

फ्लुइड बेड ड्रायरचा, म्हणजे गोळ्यांचं ओलं मिश्रण गरम हवेने सुकवणाऱ्या यंत्राचा, ब्लोअर दुसऱ्या पाळीत अडकला. आत ओलं ग्रॅन्युल, बॅच होल्डवर, क्यूएवाले (दर्जा हमी विभाग) दारात. मोटर ट्रिप होईपर्यंत स्क्रीनवर ब्लोअर हिरवा!

ब्लोअरवरचा सेन्सर खोटं बोलला नव्हता. तो कंपनाचा वेग मोजत होता, १० ते १००० हर्ट्झच्या पट्ट्यात. मध्यम ताकदीच्या, पक्क्या पायावरच्या मशीनला सेकंदाला २.८ मिलिमीटरपर्यंत चालतं, ४.५च्या वर धोका. पण बेअरिंग बिघडू लागतं तेव्हा पहिली कुरकुर कित्येक हजार हर्ट्झवर असते. ती पकडायला एन्व्हलप मोजणारा, म्हणजे त्या उंच वारंवारतेतले बारीक धक्के वेगळे काढणारा सेन्सर लागतो. आम्हाला विकला तो साधा, वर डॅशबोर्ड झकास. कंपनाच्या वेगात बिघाड दिसतो, पण उशिरा. आणि आमच्या बेअरिंगचा केजच, म्हणजे आतला पिंजराच तुटला. उघडलं तर बाहेरच्या रिंगेचे पापुद्रे निघालेले, ग्रीस दुधाळ. पावसाचं पाणी सीलमधून शिरलेलं.

हे सगळं समजण्यासारखं आहे. खुपतं ते वेगळंच.

कंत्राटावरचा एक हेल्पर आहे, दोडामार्गचा. बेअरिंग बदलताना तो हळूच म्हणाला, "सर, आवाज कालपासून येगळो येय होतो."

मग सांगितलं का नाहीस? तर सांगणार कुठे? पूर्वी मशीनशेजारी लॉगबुक असायचं, फिटर त्यात दोन ओळी खरडायचे. पेपरलेस झाल्यावर ते गेलं. आता नोंद टॅबवर, टॅबला लॉगिन, आणि लायसन्सचे पैसे माणशी. कंत्राटी कामगारांना ते दिलेलंच नाही. ऑपरेटरच्या लॉगिनवर लिहायचं तर तोही गुन्हा, कारण अमेरिकी औषध नियामक एफडीएच्या १९९७च्या ‘पार्ट ११’ या इलेक्ट्रॉनिक नोंदींच्या नियमाप्रमाणे सही ज्याची त्याचीच हवी. नियम योग्यच आहे, औषधाच्या नोंदीत कोणी काय केलं हे कळलंच पाहिजे. सुट्या कागदावर लिहिणंही चालत नाही, तेही बरोबर.

पण मग दिवसभर मशीनपाशी उभ्या असलेल्या माणसाला यंत्रणेत जागाच उरत नाही. हे ठरवणाऱ्यांनी शॉप फ्लोअरवर एक पाळी तरी काढायला हवी होती.

तपास अहवालात मूळ कारण म्हणून ‘बेअरिंग निकामी’ एवढंच आहे. हेल्परचं म्हणणं घाला म्हणालो, तर नोंद नाही म्हणून घेतलं नाही. कंत्राटी कामगारांसाठी क्यूएने मंजूर केलेला एक पानी फॉर्म तरी द्या, असा अर्ज मी दिला आहे. तो अजून सहीसाठी पडून आहे.