घरी मृत्यू झाला की दाखला नेमका कुठे अडतो? माझा अनुभव

तिरडीला सात-साडेसात फुटांचे दोन बांबू, आडव्या कामट्या, काथ्या आणि वर गवत. हात बसलेला असला की वीस मिनिटांत बांधून होते. दहनाला साधारण तीनशे किलो लाकूड, पावसाळ्यात ओलं निघालं तर जास्त, शिवाय गोवऱ्या आणि राळ. मडकं, मांजरपाट, गुलाल-बुक्का, काळे तीळ, जव, दर्भ, तूप, कापूर ही पिशवी एका फोनवर घरपोच जाते. यात कुणाचं काही अडत नाही. अडतं ते मृत्यूच्या दाखल्यासाठी लागणाऱ्या डॉक्टरांच्या एका सहीवर, आणि ती सही आमच्या दुकानात मिळत नाही. तरी तेराव्यानंतर लोक कपाळाला आठ्या घालून येतात ते आमच्याकडेच.

कृष्णाकाठच्या तालुक्याच्या गावात आम्ही नवरा-बायको हा धंदा करतो. शववाहिका आणि स्मशानातलं काम हे बघतात. दुकान, शीतपेटी, बाईमाणसाची शेवटची अंघोळ-साडी आणि नोंदणीचे कागद माझ्याकडे. तीच ती उत्तरं देऊन तोंड दुखायला लागलंय, म्हणून हे लिहून ठेवते.

दवाखान्यात मृत्यू झाला तर तुम्हाला फारसं काही करावं लागत नाही. कळवण्याची जबाबदारी दवाखान्याची, कारणाचं प्रमाणपत्रही तेच देतात. फक्त नोंद होते ती जीव जिथे गेला तिथे. माणूस आपल्या गावचा, अग्नीही गावातच दिला, पण मृत्यू सांगलीत झाला असेल तर दाखला सांगलीचाच. आपल्या ग्रामपंचायतीत त्यावरून भांडण काढू नका, तिथे नोंद करणाऱ्या भाऊसाहेबांचं बरोबर असतं.

घोळ होतो तो घरी मृत्यू झाल्यावर. रात्री म्हातारं माणूस गेलं, सकाळी दहाला अग्नी दिला, तिसऱ्या दिवशी राख सावडली. मग मुलगा आधार कार्ड आणि स्मशानातली पावती घेऊन नोंदणीला जातो. खिडकीतून दोन शब्द येतात: "डॉक्टरचं आणा." डॉक्टरांकडे जावं तर ते म्हणतात, "मी बघितलंच नाही, आता कशावर लिहू?" दोघांच्या मध्ये पोरगं चेंडूसारखं हिंडतं आणि दिवस मोजायला कुणी नसतं.

मागतात तो कागद म्हणजे नमुना 4-अ, घरी झालेल्या मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र. शेवटच्या आजारात ज्या डॉक्टरांचे उपचार चालू होते त्यांनी तो द्यायचा असतो, आणि जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम 1969 च्या कलम 10 प्रमाणे त्याचे पैसे घ्यायचे नसतात. पण डॉक्टरांचीही बाजू आहे. वर्षभरात ज्याचं तोंड पाहिलं नाही त्याच्या मरणाचं कारण कोण लिहील? उद्या जमिनीच्या वाटणीवरून भाऊ भाऊ भांडले तर कोर्टात उभं राहावं लागतं ते सही करणाऱ्याला. म्हणून डॉक्टरांना बोलवायचं ते देह घरात असताना, तिरडी बांधायच्या आधी. बोलवाल तेव्हा जुनी फाईल, शेवटच्या गोळ्यांची पाकिटं आणि रिपोर्ट समोर ठेवा. फाईल बघून सही करणारे डॉक्टर मी खूप पाहिलेत. नुसत्या विनवणीवर करणारा एकही नाही, आणि नसावाच.

कागद हातात आला की तिथेच उभं राहून वाचा. कारणाच्या पहिल्या भागात अ, ब, क अशा ओळी असतात. वर थेट कारण, खाली ते ज्यामुळे झालं तो मूळ आजार. घाईत डॉक्टर पहिल्याच ओळीत 'हृदयक्रिया बंद पडली' असं लिहून मोकळे होतात. मरताना हृदय सगळ्यांचंच बंद पडतं, ते कारण नव्हे. पक्षाघात, मूत्रपिंड निकामी होणं, कर्करोग, जे होतं ते लिहायला लावा. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक वाचता येतो ना, तेही बघा. पुसट शिक्क्यामुळे कागद परत आलेला मी पाहिलाय.

आता ज्याची मला सर्वात जास्त चीड येते ते. मृत्यूचा अहवाल म्हणजे नमुना 2. त्यात सरळ विचारलेलं आहे की मृत्यूचं कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झालंय का, होय की नाही. मृत्यूपूर्वी कोणते उपचार मिळाले या रकान्यातही 'कोणतेही नाही' हा पर्याय आहे. वाडीवस्तीवर डॉक्टर न बघताच माणसं जातात हे नमुना करणाऱ्याला ठाऊक होतं. खिडकीपलीकडच्याला तो 'नाही' दिसतच नाही. 4-अ मिळण्यासारखा असेल तर घ्याच. खरोखरच उपचार चालू नव्हते तर तो रकाना बोट ठेवून दाखवा आणि अहवाल लेखी देऊन पोच घ्या. पोलीस पाटलाचा दाखला आणि स्मशानाची पावती जोडा. तोंडी 'नाही'वर परत फिरू नका. "नाकारताय तर कारण लिहून द्या" हे शांतपणे म्हटलं की बऱ्याचदा पेन चालायला लागतं.

मुदत 21 दिवसांची. लोक म्हणतात, दिवस होऊ देत मग बघू. तेरावं झालं की हातात उरतात आठ, त्यातही शनिवार-रविवारची सुट्टी येतेच. 21 नंतर 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून काम होतं. त्यापुढे वरिष्ठ अधिकाऱ्यांची लेखी परवानगी, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. म्हणून मी तिसऱ्या दिवशीच, राख सावडून आल्यावर घरातल्या एकाला या कामाला लावायला सांगते. सुतक नोंदणीच्या खिडकीला लागत नाही.

माणूस घरी गेल्यावर 'एकदा तपासून घेऊ' म्हणून देह सरकारी दवाखान्यात नेऊ नका. तिथे 'आणण्यापूर्वीच मृत' अशी नोंद होते, पोलिसांना कळवलं जातं आणि बहुधा शवविच्छेदनावर जातं. अर्थात धुगधुगी असल्याची नुसती शंका असली तरी आधी 108. आणि पडणं, भाजणं, विषबाधा, सर्पदंश, गळफास यात डॉक्टरांकडे सही मागूच नका. पोलिसांना कळवा, पंचनामा होऊ द्या. अंगणात पडून खुब्याचं हाड मोडलं आणि महिन्याभरानं अंथरुणातच माणूस गेलं, अशा वेळीही डॉक्टर हात आखडतात. ते अपघातात मोडतं, त्यांना दोष देता येत नाही.

मुंबई-पुण्याची माणसं यायची म्हणून शीतपेटी मागवलीत तर डॉक्टरांसाठीही वेळ मिळतो. पेटी अर्धा तास आधी चालू करून गार करा, थेट भिंतीतल्या प्लगला लावा, बारीक एक्स्टेंशनवर नको. वीज गेली-आली तर पाचेक मिनिटं थांबून सुरू करा, नाहीतर कॉम्प्रेसर बसतो. आणि प्रत्येक पाहुण्यासाठी झाकण उघडू नका, काचेतून दिसतं.

हो, पेटीत ठेवण्याआधी डोळे मिटवून हनुवटी आणि पायाचे अंगठे बांधून घ्या. दोन-चार तासांत जबडा आखडायला लागतो, मग कवळीही बसत नाही. छातीत पेसमेकर असेल तर ते डॉक्टर आले असतानाच सांगा आणि काढून घ्या. आगीत त्याची बॅटरी फुटते, आणि आमचे हे चितेजवळच उभे असतात.

दाखला छापण्याआधी नाव मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हीकडे आधारशी जुळवा. पासबुकात 'बाळू' आणि आधारवर 'बाळासाहेब' असेल तर बँक अडवणार हे धरून चाला. दाखल्यावर मृत्यूचं कारण छापत नाहीत, तेव्हा विमा कंपनीनं कारण विचारलं तर 4-अ ची झेरॉक्स लागते. मूळ कागद खिडकीत देण्याआधी ती काढून ठेवा. दाखल्याच्या प्रती पाच-सहा एकदम घ्या: बँक, विमा, पेन्शन, सातबाऱ्यावरची वारसनोंद, रेशन कार्ड. तलाठी कार्यालयात जाताना मूळ प्रत बरोबर न्या, पण देऊन येऊ नका.