त्या दिवशी पाऊस होता

मंगळवार, रात्री पावणेबारा

"चित्रं? त्या दिवशी पाऊस होता ना ताई. खाली सोडलं नव्हतं. म्हणून काढलं."

एवढंच म्हणाला तो, आमच्या बालगृहातला एक मुलगा. रागानं नाही, कुरकुरत नाही. एलिमेंटरी चित्रकला परीक्षेची तयारी कशी चाललीय असं मी विचारलं, त्यावर हे सांगितलं आणि टेबलाच्या कडेचा सुटलेला सनमायका नखानं उचकटत बसला. मी पेन हातात धरून फाइलीकडे बघत राहिले. सात नंबरचा फॉर्म, म्हणजे मुलाच्या देखभालीचा आराखडा, भाग अ, रकाना विरंगुळा, सर्जनशीलता आणि खेळ. त्यापुढे लिहिलेलं, "चित्रकलेची आवड आहे." अक्षर माझंच. 'आवड'मधल्या 'ड'ची शेपटी मी ओढते तशीच ओढलेली.

वाटलं होतं, गाडीच्या गर्दीत विसरेन. कुर्ल्याला उतरून पूल चढले तरी तेच डोक्यात. जेवणं झाली, ओटा पुसला, लेक झोपला, तरी तेच.

त्याचं नाव इथं लिहीत नाही. मुलाची ओळख उघड करायची नाही असं 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 74 सांगतंच, पण कलम नसतं तरी आज ते नाव लिहायचा मला धीर झाला नसता.

तो आला मागच्या जूनच्या पहिल्या आठवड्यात. आई तेव्हा शिवडीला, टीबीच्या रुग्णालयात ॲडमिट होती. दारातून आत आल्या आल्या त्यानं काळजीवाहक दादांना विचारलं होतं, "हे डोंगरी आहे का?" वस्तीतल्या आया अजून पोरांना तसंच दटावतात, मस्ती केलीस तर डोंगरीला पाठवीन. टिळक-आगरकरांनी 1882 साली 101 दिवस काढले तो डोंगरीचा तुरुंग. पुढे त्या जागी मुलांचं गृह झालं, कायदे बदलले, पाट्या बदलल्या, आयांच्या तोंडचा धाक तेवढा तसाच राहिला. दादा त्याला म्हणाले, नाही रे बाळा, हे डोंगरी नाही. त्याला ते पटलं असेल असं मला वाटत नाही. चार दिवस तो सांगेल तिथं बसत होता, ताटात पडेल ते खात होता. पाचव्या दिवशी धो धो पाऊस, सगळी मुलं हॉलमध्ये कोंडलेली, आणि मी त्याच्यापुढे कागद आणि खडू ठेवले. असं घाबरलेलं मूल दुसरं काय करणार? त्यानं चित्र काढलं. मी शेजारी बसून बघितलं, "छान आहे" म्हटलं, आणि ऑफिसात येऊन रकाना भरला.

त्या पावसाचं मला काहीच आठवत नव्हतं. त्याला आठवतोय.

आराखडा एकदा करून कपाटात ठेवायचा नसतो. पहिले तीन महिने दर पंधरा दिवसांनी प्रगती अहवाल, मग महिन्यातून एकदा. म्हणजे त्याचा आजचा सोळावा. तो वर गेल्यावर मी आधीचे पंधरा काढले आणि फक्त तो एक रकाना वाचत गेले. "चित्रकलेत रमतो." "चित्रकलेची आवड कायम." "चित्रकलेत चांगली प्रगती." "आवड जोपासण्यास प्रोत्साहन दिले." या पंधरांपैकी एकदाही मी त्याला विचारल्याचं मला आठवत नाही. मागचा कागद पुढ्यात ठेवायचा, शब्द थोडे इकडचे तिकडे करायचे, खाली सही. बालकल्याण समितीपुढे फाइल गेली की कोणी अडवत नाही, कारण रकाना भरलेला असतो.

बरं, ते कागदावरच राहिलं असतं तर एक वेळ ठीक. त्या ओळीमुळे शनिवारी बाकीची मुलं खाली क्रिकेट खेळत असताना तो चित्रकलेच्या बाईंपुढे बसला. वाढदिवस साजरा करायला आलेल्या एका कुटुंबानं विचारलं, मुलांना काय आणू, तेव्हा मीच त्याच्यासाठी पोस्टर कलरची मोठी पेटी सांगितली. इतरांना बॅट, फुटबॉल, बॅडमिंटनची फुलं. शाळेतल्या सरांनाही मीच म्हटलं, याचं नाव एलिमेंटरीच्या यादीत घ्या, पुढे इंटरमीजिएट झाली की दहावीला वाढीव गुण मिळतात. त्यानं कशालाच नाही म्हटलं नाही. पेटी घेतली. वर्गाला बसला. दिवाळीला समितीच्या सदस्यांसाठी पणत्यांची कार्डं करून दिली, तीही पाच, मोजून.

"मग इतके दिवस काढत का होतास?" असं मी आज विचारलंच.

"तुम्ही सांगता ना."

सगळी चित्रं फाइलीला जोडलेली आहेत. सगळ्यांत दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, एक झोपडी, एक नारळाचं झाड. भाऊच्या धक्क्यावर आईच्या मागं बसून वाढलेलं पोर. त्यानं होड्या पाहिल्यात, बर्फाचे ट्रक पाहिलेत, टोपल्या, मांजरं, रबरी बूट घालून धावणारी माणसं पाहिलीत. यातलं एकसुद्धा त्याच्या कागदावर कधी उतरलं नाही. ज्याला आवड असते तो वर्षभर तेच डोंगर काढील का? हे मला दिसायला हवं होतं. डोळ्यांसमोरच होतं की.

दरवर्षी समाजकार्याच्या कॉलेजातून इंटर्न मुली येतात. त्यांना मी पहिल्याच आठवड्यात शिकवते: 1989 चा बालहक्क करार, भारत त्यात 1992 साली सामील झाला, कलम 12, मुलाचं म्हणणं ऐकून घेणं, कलम 25, घराबाहेर ठेवलेल्या मुलाच्या संगोपनाचा वेळोवेळी आढावा. आपल्या 2015 च्या कायद्यातली तत्त्वंही शिकवते, त्यातही मुलाचा सहभाग आहेच. यंदाच्या बॅचमधली एक मुलगी प्रत्येक शब्द वहीत उतरवून घेत होती आणि मला तिचं कौतुक वाटत होतं. उद्या ती समोर येईल.

रात्री साडेदहाच्या सुमारास माझं मलाच फार वाईट वाटायला लागलं. 34 मुलं आहेत माझ्याकडे. मार्चपर्यंत आम्ही दोघी होतो. ती का गेली ते आता नको. आधार, जातीचे दाखले, शाळा सोडल्याचे दाखले, सायनच्या ओपीडीतल्या रांगा, पोलिस ठाण्याची पत्रं, गृहभेटी, समितीच्या तारखा, आणि प्रत्येक मुलाचा महिन्याला एक अहवाल. दुपारचा डबा मी चार वाजता उघडते. मला काय आवडतं, काय झेपतं, कोणी विचारलंय कधी? असं बराच वेळ मनात चाललं होतं. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं.

आणि त्यातच ते मोदकांचं आठवलं.

लग्नानंतरचा पहिला गणपती. मला ताप होता, नैवेद्याचं पान तसंच बाजूला सारलं. सासूबाईंनी काळजीनंच सगळ्यांना सांगितलं, हिला गोड चालत नाही. झालं. तेव्हापासून प्रत्येक गणपतीत माझ्या पानात एकच मोदक येतो, आणि वर कोणीतरी मायेनं म्हणतं, तिला आग्रह करू नका. मला मोदक जिवापाड आवडतात. पहिल्या वर्षी संकोच वाटला, दुसऱ्या वर्षी वाटलं आता कुठे बोलायचं, आणि मग तेच खरं होऊन बसलं. त्यात कोणाचं वाईट मन नव्हतं. तरी अठरा वर्षं.

पण मी रात्री उठून डब्यातला मोदक घेऊन खाऊ शकते. माझ्या पानातल्या मोदकावरून माझं पुढचं काही ठरत नाही. त्याच्याबद्दल मी लिहिलेलं त्याच्या आधी पोचतं, शाळेत, समितीपुढे, आणि उद्या तो दुसऱ्या गृहात गेला तर तिथल्या ताईंच्या टेबलावर. त्या माझ्या ओळी वाचतील आणि त्याच्यापुढे कागद आणि खडू ठेवतील.

आमच्याकडे सूचना पेटी आहे, नियमाप्रमाणे. मुलांच्या समित्या आहेत, वयाप्रमाणे तीन. हा मधल्या, 11 ते 15 च्या. त्यात मुलं जेवणाचं बोलतात, टीव्हीच्या वेळेचं बोलतात, बाथरूमच्या कडीचं बोलतात. माझ्याबद्दल लिहिलेलं चुकीचं आहे, असं कोण बोलणार? त्याला ते लिहिलंय हेच माहीत नव्हतं. आराखडा मुलाशी बोलून करायचा असतो. मी त्याच्याशी बोलले होते. वाचून दाखवला नव्हता.

खरं सांगायचं तर पोटात गोळा आलाय तो चित्रकलेमुळे नाही. परवा, गुरुवारी, समितीपुढे त्याची तारीख आहे. त्याच फॉर्ममध्ये आणखी एक रकाना आहे, मुलाच्या अपेक्षा. त्यात लिहिलंय, "आईकडे परत जाण्याची इच्छा आहे." तेही माझंच अक्षर. आई आता बरी आहे, औषधांचा कोर्स पूर्ण झाला, पुन्हा धक्क्यावर कोळंबी सोलायला जाते. मी गृहभेट करून आलेय. खोली स्वच्छ होती, भिंतीला त्याचा शाळेचा फोटो होता. सरकारच्या बालसंगोपन योजनेचा अर्ज दिलाय. मंजूर झाला तर महिन्याला 2,250 रुपये मिळतील, त्यात भाडं भागणार नाही पण वह्या-दूध होईल. कुटुंब आधी, संस्था शेवटी, हे कायद्यातलं तत्त्व आहे आणि माझंही मन तेच सांगतं. गेले दोन महिने या केसचा मला आनंद होता. 34 मधलं एक तरी घरी चाललंय.

पण त्याला मी विचारलं कधी? मे महिन्यातल्या भेटीच्या दिवशी. आई शेजारी बसली होती, पदरात त्याच्यासाठी आणलेली चिक्की, आणि मी हसून म्हटलं, "काय रे, जायचं ना आता आईकडे?" त्यानं मान हलवली. मी लिहिलं.

तशीच मान त्यानं रंगपेटी घेताना हलवली होती.

कदाचित त्याला खरंच जायचं असेल. बहुतेक जायचंच असेल. भेटीच्या दिवशी सकाळपासून तो जिन्याच्या खिडकीशी उभा असतो, हे मी स्वतः पाहिलंय. पण हे मी आता लिहितेय, आणि मागचे पंधरा अहवालही मी अशाच खात्रीनं लिहिले होते. आणि समजा तो म्हणाला, आत्ता नको ताई? मग त्या बाईला मी काय सांगू? गादी नवीन घेतलीय तिनं.

नको, एवढं पुढचं नको.

आज शेवटी मी फाइल मिटली आणि विचारलं, "मग तुला आवडतं तरी काय?"

"माहीत नाही."

मी काही बोलले नाही. एरवी मी लगेच सुचवायला लागते, क्रिकेट? गाणी? गोष्टीची पुस्तकं? आज तोंड बंद ठेवलं. बराच वेळ गेला. बाहेर दादा कोणालातरी ओरडत होते.

"खाली जायला," तो म्हणाला.

"खेळायला?"

"नाही. असंच. पाऊस असला तरी."

दादांना मी संध्याकाळी विचारलं, पावसात पाच-दहा मिनिटं मुलांना अंगणात सोडलं तर? ते म्हणाले, "ताई, ताप आला तर रात्री उठायचं कोणी?" मागच्या जुलैत एकाच खोलीतली तीन मुलं तापानं आडवी झाली होती, तेव्हा सलग चार रात्री दादाच जागले होते. त्यांना मी काय म्हणणार? त्यांचंही बरोबर आहे. अधीक्षक मॅडमशी बोलावं लागेल.

आता थोडं शांत वाटतंय. झालं ते झालं, पण ते मी लिहिलंय म्हणून मलाच निस्तरता येईल, हेही आहे. जुन्या ओळीवर खाडाखोड करणार नाही. तारखेसकट राहू दे ती तिथं. सोळाव्या अहवालात लिहिणार आहे की आवडीबाबतची आधीची नोंद मुलाला विचारून केलेली नव्हती, मुलाच्या सांगण्यावरून दुरुस्त करत आहे. मॅडम म्हणतील, असं कोणी लिहितं का, समिती काय म्हणेल. म्हणू देत. बाकीच्या तेहतिसांच्या फाइलीही काढायच्या आहेत, रोज दोन, आणि प्रत्येकाला त्याचं त्याचं पान वाचून दाखवायचं. तीन आठवडे तरी जातील. जाऊ दे.

उद्या बुधवार. दुपारी शाळेतून आला की त्याला एकट्याला गाठायचं. ऑफिसात नको, ते टेबल मध्ये नको. खाली घेऊन जाते, पाऊस असला तर छत्रीत. आधी आईचं विचारायचं, सरळ, आणि तो बोलेपर्यंत थांबायचं.

आणि एलिमेंटरीच्या यादीत नाव ठेवायचं की काढायचं, तेही आज त्याला विचारायचं राहिलंच.