लाल जास्वंद आणि उणे एक

आमच्या स्वयंपाकघराच्या ग्रिलमध्ये जास्वंदीच्या तीन कुंड्या आहेत. मुलुंड पूर्वेला, दुसऱ्या मजल्यावर. लावल्या सासूबाईंनी, खत-पाणी त्यांचंच, आणि फुलं त्यांच्या गणपतीची. त्या सातला पूजेला बसतात. फूल सकाळी उमलतं आणि लगेच खुडलं जातं. त्यामुळे मला फोटोसाठी मिळतो साडेसहा ते सात एवढाच वेळ. पुढे डबे आणि सात बावन्नची लोकल.

जूनमध्ये भाऊजींनी त्यांचा जुना डीएसएलआर कॅमेरा मला दिला, १८-५५ मिमीच्या साध्या झूम लेन्ससकट. पहिले दोन आठवडे मी ऑटोवरच काढत होते. पानं छान यायची, मागची कुंडी छान यायची, आणि मधोमध फुलाच्या जागी लाल रंगाचा सपाट डाग. पाकळीवरची एक शीर दिसेना. डोळ्यांना तर किती काय दिसत होतं! कडेची मुरड, पाकळीच्या तळाशी गडद होत गेलेला रंग, रात्रीच्या पावसाचा थेंब. मला वाटलं फोकस चुकतोय. मग वाटलं लेन्सच बिघडली असणार.

दोन्ही नव्हतं. कॅमेऱ्याला जास्वंद म्हणजे काय ते ठाऊक नसतं, तो फक्त उजेड मोजतो. त्या मोजमापात लाल रंगाचा वाटा कमी धरला जातो आणि हिरव्याचा जास्त. त्यात आजूबाजूला गर्द पानं. म्हणजे त्याच्या हिशेबाने इथे अंधारच. म्हणून तो उजेड वाढवतो, आणि लाल रंग काठोकाठ भरून सांडतो. एकदा सांडला की पाकळीतले बारकावे गेलेच, नंतर संगणकावर कितीही खटपट करा. मागच्या स्क्रीनवर तिन्ही रंगांचे वेगवेगळे आलेख बघता येतात, हे मला फार उशिरा कळलं. बघितलं तर हिरवा आणि निळा डावीकडे निवांत होते आणि लाल एकटा उजव्या भिंतीला चिकटून उभा होता.

उपाय एका बटणाचा. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे एक, म्हणजे कॅमेरा ठरवतो त्याच्या निम्माच उजेड घ्यायचा. पूर्ण फोटो थोडा काळवंडतो, पण शिरा दिसतात. त्या दिवशी लोकलमध्ये दारापाशी उभी राहून तो एकच फोटो मी ठाण्यापर्यंत मोठा करून करून बघत होते.

मग दुसरी अडचण. जास्वंदीच्या मधून ती लांब दांडी बाहेर येते ना, ती नीट बघा कधी. परागकणांचे पिवळे ठिपके एका नळीवर बसलेले असतात, आणि नळीच्या टोकातून पाच बारीक तुरे निघतात. प्रत्येकाच्या शेंड्यावर मखमली लाल गोंडा. मला तो गोंडा हवा होता आणि पाकळ्याही. पण लेन्स जितकी जवळ जाईल तितक्या जवळून एफ/५.६वर (एफचा आकडा म्हणजे लेन्सच्या छिद्राचं माप) घेतलं की स्पष्ट पट्टा जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा. गोंडा स्पष्ट, तर पाकळी म्हणजे लाल धुकं. पाकळी धरली, तर गोंडा गेला.

पट्टा रुंद हवा तर छिद्र लहान करायचं, आणि छिद्र लहान करायचं म्हणजे आकडा वाढवायचा, हे उलटं गणित डोक्यात बसायला मला आठवडा लागला. एफ/८चं एफ/११ केलं की प्रकाश निम्मा होतो. श्रावणातल्या सकाळी आधीच उजेड कमी, त्यात वारा. उजेड भरून काढायला शटर जास्त वेळ उघडं ठेवावं, तर १/३० सेकंदावर उतरलं की फूल हललंच म्हणून समजा. शेवटी मी एफ/८, १/१२५ आणि आयएसओ (म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) १६०० वर थांबले. आयएसओ वाढवला की थोडे दाणे दिसतात फोटोत. चालतील. दाणेदार फूल मला हललेल्या फुलापेक्षा केव्हाही बरं.

आणि सगळ्यात मोठा फरक सेटिंगने पडलाच नाही. मी जागा बदलली. समोरून न घेता बाजूने घेतलं, म्हणजे ती पूर्ण दांडी कॅमेऱ्याला समांतर आली आणि नळीपासून गोंड्यापर्यंत सगळी एका रेषेत स्पष्ट. नवीन कोणी शिकत असेल तर त्याला मी हेच आधी सांगेन.

पांढऱ्या फुलांचं नेमकं उलटं. शेजारच्या काकूंचा अनंत चौकटभर घेतला की राखाडी येतो, तिथे अधिक एक. मे महिन्यात ताम्हण फुललेला असताना खालून आभाळाकडे धरून काढाल, तर तिथेही अधिकच लागेल, नाहीतर जांभळी फुलं काळी येतात. मधल्या एका रविवारी भायखळ्याला राणीच्या बागेत जाऊन आले, १८६२ सालची बाग ती. कैलासपतीचं फूल खोडालाच लागतं, त्यामुळे मान वर न करता समोरून घेता आलं. पण झाडाखाली दाट सावली. पिंडीवर धरलेल्या फण्यासारखा तो भाग स्पष्ट यायला बावीस फोटो काढावे लागले.

परवा सकाळी वारा थांबेचना. आई फुलांची परडी घेऊन मागे येऊन उभ्या राहिल्या.

"झालं का गं? खुडू?"

"दोनच मिनिटं आई, हलतंय ते."

त्यांनी परडी ओट्यावर ठेवली, ग्रिलमधून हात घातला आणि फुलाच्या खालून देठ दोन बोटांत अलगद धरला. मी चौकट जरा वर घेतली, त्यांची बोटं बाहेर ठेवली, आणि लागोपाठ पाच फोटो काढले. तिसरा जमला. त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून स्क्रीन डोळ्यांशी नेली, बराच वेळ बघितलं.

"इतकी वर्षं वाहतेय मी हे फूल," त्या म्हणाल्या, "हे पाच गोंडे कधी मोजले नव्हते."

मग फूल खुडलं, परडीत ठेवलं, आणि जाता जाता वळून डावीकडच्या कुंडीतली कळी दाखवली. "ही उद्या उमलेल. सव्वासहाला उठवते तुला."