रजिस्टर हललेलं न्यूयॉर्क

नागपूरच्या महाल भागात आमचा छोटा ऑफसेट प्रेस आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, मंडळांची पत्रकं. निळा, लाल, पिवळा, काळा हे चार रंग एकावर एक नेमके बसवणं हे माझं रोजचं काम. एखादी प्लेट केसभर सरकली की पत्रिकेवरच्या गणपतीच्या सोंडेला लाल कड सुटते. आम्ही म्हणतो, रजिस्टर हललं. तो कागद रद्दीत.

म्हणून भाच्यानं 'स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स' लावला तेव्हा मी त्याला म्हटलं, "थांबव, थोडं मागं घे." मागच्या इमारतींना तीच कड सुटलेली होती! इतर सिनेमांत फोकसबाहेरचं सगळं धूसर असतं. इथं धूसर न करता रंगच एकमेकांपासून सरकवलेत, स्वस्त कागदावरच्या जुन्या कॉमिक्ससारखे. सिनेमातला नवखा स्पायडर-मॅन माइल्स, त्याच्या गालावरची सावली बघा, तिच्यात ठिपके आहेत. मोजक्या शाईतून जास्त छटा काढायची ही छापखान्याचीच युक्ती, मी रोज भिंगातून बघतो ती. लहानपणी बर्डीच्या फूटपाथवरून घेतलेल्या इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळाच्या अंगावरही असेच ठिपके असायचे.

माइल्स मोरालेस कॉमिक्समध्ये आला 2011 साली, लेखक ब्रायन मायकल बेंडिस आणि चित्रकार सारा पिकेली यांच्या हातून. सिनेमा 2018 चा, ऑस्कर मिळालेला. पण मला सांगायचंय ते जंगलातल्या प्रसंगाबद्दल.

सिनेमात सेकंदाला 24 चौकटी, म्हणजे फ्रेम, असतात. इथं माइल्सची एकेक पोज दोन-दोन चौकटी टिकते, म्हणजे सेकंदाला 12 च. त्याच्या शेजारी झाडांमधून झोके घेणारा मुरलेला स्पायडर-मॅन पीटर मात्र चौकटीगणिक हलतो. एकाच दृश्यात दोघांची चाल वेगळी! पोरगा अजून कच्चा आहे हे कुणी बोलून दाखवत नाही, ते मोजणीतच आहे. पुढं त्याला जमायला लागतं तशी त्याची चालही सलग होत जाते. कारागिरी म्हणतात ती ही.

2023 च्या दुसऱ्या भागात पवित्र प्रभाकर या भारतीय स्पायडर-मॅनचं मुंबटन शहर आहे. रंगांची उधळण आहे आणि ती मला आवडलीही, पण माझं मन पहिल्यातच आहे. प्रेसमध्ये शिकायला येणाऱ्या पोरांना मी आता तोच बघायला सांगतो, आणि जंगलाचा प्रसंग आवाज बंद करून.